श्रद्धेचे अधिष्ठान : प्रमाणविचार आणि परमेश्वरनिष्ठा

कोणतीही गोष्ट खरी मानण्यापूर्वी तिला पुरेसे प्रमाण आहे की नाही हे पाहिले पाहिजे काय, आणि तसे असेल तर परमेश्वरावरील श्रद्धेलाही तोच नियम लागू होतो काय, असा प्रश्न शिकलेले तरुण उपदेशी वारंवार विचारतात. विचारणारा बहुधा भीतभीतच विचारतो. कारण प्रश्न विचारणे हीच अश्रद्धा, अशी समजूत घरोघरी रूढ आहे. ही समजूत ब्रह्मविद्येला धरून नाही. ज्या मार्गाचे नावच विद्या आहे, त्या मार्गात जिज्ञासेला दोष कसा मानता येईल? म्हणून पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि आचरण या क्रमाने या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

पूर्वपक्ष

या बाबतीत दोन टोकांची मते आढळतात. पहिले मत असे की, पुरेसा पुरावा नसताना कोणतीही गोष्ट मानणे हा दोष आहे. भारतीय दर्शनांत चार्वाकाने प्रत्यक्षावाचून दुसरे प्रमाणच नाकारले. अर्वाचीन काळात विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली याच विषयावर निबंध लिहिला व त्यात एका जहाजमालकाचा दाखला दिला. जहाज जुने झालेले आहे, त्याच्या मजबुतीविषयी शंका आहे. परंतु दुरुस्तीचा खर्च टाळण्यासाठी मालक स्वतःच्या मनाची समजूत घालतो की इतक्या सफरी सुखरूप पार पडल्या, हीही पडेल. जहाज बुडते आणि त्यातील प्रवासी मरतात. क्लिफर्डचे म्हणणे असे की, मालकाचा विश्वास अगदी प्रामाणिक होता असे मानले तरी तो दोषी ठरतो. कारण तो विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचले असते तरीही तो दोषीच ठरला असता.

दुसरे मत याच्या अगदी उलट. ते म्हणते, देवाधर्माच्या बाबतीत 'का' म्हणून विचारू नये. मान खाली घालावी आणि सांगितले ते मानावे. जितके असंभाव्य तितके अधिक श्रद्धेने मानावे, म्हणजे भक्ती थोर.

यांपैकी पहिल्या मतात सत्याचा मोठा अंश आहे, पण ते अपुरे आहे. दुसरे मत भक्तीचा वेष घेऊन येत असले तरी ते आळसाचे मत आहे.

प्रमाण कोणते आणि कशाला

प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तीन प्रमाणे व्यवहारातही पदोपदी लागतात. त्यांचा परस्परसंबंध समजण्यास धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचा दाखला फार उपयोगी आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी पुस्तकात, ज्याला 'पेरिप्लस' म्हणतात, दक्षिणापथातील दोन मोठ्या पेठांची नावे आहेत : पैठण आणि तगर. तगर हे पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथून कापड भडोचच्या बंदरास जाते, असे त्या लेखकाने नोंदविले आहे. शिलाहार राजेही आपल्या लेखांत स्वतःस तगरपुराचे अधीश्वर म्हणवीत. परंतु हे तगर कोठे होते, हे लोक विसरून गेले. एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी कोणी देवगिरी, कोणी जुन्नर, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर असे तर्क केले. १९०१ साली फ्लीट या संशोधकाने तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले. पुढे तेथे उत्खनने झाली आणि जमिनीतून सातवाहनकालीन वस्तू, रोमी व्यापाराच्या खुणा आणि प्रसिद्ध हस्तिदंती बाहुली असा ऐवज हाती आला. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या तेथील शासकीय वस्तुसंग्रहालयात आज तो कोणालाही पाहता येतो.

येथे तिन्ही प्रमाणे एकत्र आली. ग्रीक लेखकाचे वचन हे शब्दप्रमाण. नावाचे साम्य व वाटेचे अंतर यांवरून केलेला तर्क हे अनुमान. जमिनीतून निघालेला ऐवज हे प्रत्यक्ष. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली अशी की, जाणत्याचे वचन हे तुच्छ नव्हे. सुमारे अठराशे वर्षे त्या वचनाला कोणीही पडताळून पाहिले नव्हते. तरी ते खरेच होते, कारण सांगणारा त्या व्यापाराचा माहितगार होता. दुसरी गोष्ट अशी की, जे खणून पाहता येते ते खणून पाहिले पाहिजे. कितीही मोठ्या विद्वानाने धारूर म्हटले म्हणून तगर धारूरला जात नाही.

म्हणजे शब्दावरचा प्रत्येक विश्वास आंधळा नसतो. आपला जन्मदिवस कोणासही आठवत नाही. तो आईच्या वचनावरून मानावा लागतो. परंतु शब्दाला प्रमाण मानण्यापूर्वी बोलणारा आप्त आहे काय, म्हणजे त्याला त्या विषयाचे ज्ञान आहे काय आणि खोटे बोलण्यात त्याचा काही लाभ आहे काय, हे पाहणे भाग असते.

जात्यंधांचा दृष्टान्त

दृष्टान्तपाठातील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टान्त सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या हाती जो अवयव लागला, त्याने हत्ती तसाच आहे असे सांगितले आणि भांडण जुंपले. या दृष्टान्ताचा एक विशेष सहसा ध्यानात घेतला जात नाही. त्या जात्यंधांपैकी कोणीही पुराव्यावाचून बोलत नव्हता. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने चाचपले होते. प्रत्येकाचा स्पर्श खरा होता. चूक घडली ती स्पर्शात नव्हे, तर हाताला लागले तेवढाच हत्ती, या निष्कर्षात.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता पसरली. चमच्यातील दूध कमी होताना लोकांनी डोळ्यांनी पाहिले. ते पाहणे खोटे नव्हते. पण द्रवाच्या पृष्ठताणामुळे दूध सोंडेकडे ओढले जाऊन मूर्तीवरून पातळ ओघळाने खाली उतरत होते. पाहिले ते खरे आणि मानले ते खोटे, असा हा प्रकार. म्हणून 'प्रत्यक्ष पाहिले' एवढे म्हणणे पुरेसे नाही. पाहिल्यावरून काय ठरविले, त्याचीही परीक्षा हवी.

मार्गाची परंपरा : म्हाइंभटांचा परिपाठ

प्रमाणाचा आग्रह हा बाहेरून आलेला विचार आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी लीळाचरित्र कसे सिद्ध झाले ते आठवावे. म्हाइंभट हे शास्त्रनिपुण आणि विद्वत्तेचा अभिमान बाळगणारे गृहस्थ. ते सर्वज्ञांच्या भेटीस आले ते नमस्कारासाठी नव्हे, तर वादासाठी. त्यांनी प्रश्न केले, आणि सर्वज्ञांनी त्यांना प्रश्नाबद्दल दूर लोटले नाही, उत्तरे दिली. पुढे ज्या पुरुषाने लीळांचे संकलन करावे म्हणून मार्गाला इतके मोठे दान मिळाले, तो मूळचा शंका घेणारा होता, हे विसरता येणार नाही.

तेराव्या शतकाच्या अखेरच्या पादात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली हे काम केले. लीळा ज्याने पाहिली किंवा ऐकली त्याच्याकडे स्वतः जावे, त्याच्या तोंडून ती ऐकावी, आणि मग आचार्यांपुढे ठेवून निश्चित करावी, असा त्यांचा परिपाठ होता. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी अंतरली आणि ती स्मरणावरून पुन्हा सिद्ध करावी लागली, असे परंपरा सांगते. तेव्हा निरनिराळ्या जाणत्यांच्या स्मरणात जेथे भेद पडला, तेथे एकाचे खरे धरून दुसऱ्याचे पुसून टाकण्यात आले नाही. हिराइसा, रामेश्वरबास, परशरामबास अशा नावांनी त्यांचे पाठ व वासना जपल्या गेल्या. श्रद्धावंतांनीच श्रद्धेच्या ग्रंथात आपले मतभेद नावानिशी नोंदवून ठेवावेत, ही गोष्ट लहान नव्हे. सत्याची भीती वाटणारा संप्रदाय असे करीत नाही.

याची दुसरी बाजूही पाहावी. पुराव्यावाचून मानण्याचा सर्वांत मोठा जाच कोणी सोसला असेल, तर तो याच संप्रदायाने. कोणा कृष्णभट्टापासून हा पंथ निघाला, अशी निंदाव्यंजक कहाणी लोकांत पसरली आणि इंग्रजी अंमलातील वऱ्हाड-मध्यप्रांताविषयीच्या लेखनातही ती उतरली. सांगणाऱ्यांपैकी एकानेही पोथी उघडून पाहिली नव्हती. 'मानभावी' हा शब्द ढोंगी या अर्थाने मराठीत आजही वापरला जातो. तो त्याच अविचाराचा अवशेष आहे. या कहाणीचे निरसन रागाने झाले नाही, शापाने झाले नाही, पोथ्यांनी झाले. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापले, वि. भि. कोलते यांनी १९७८ साली त्याची संपादित आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे सिद्ध केली, आणि अभ्यासकांचे मत पालटले. पोथ्या सांकेतिक लिपीत राहिल्याने त्यांचे रक्षण झाले हे खरे. पण कुलुपाआड राहिलेला पुरावा निंदकाचे तोंड बंद करू शकत नाही, हेही तितकेच खरे. ज्या मार्गाची अब्रू पुराव्याने राखली, त्या मार्गाच्या माणसाने पुराव्याचा तिटकारा करावा, हे शोभत नाही.

अस्थानी शोधलेले प्रमाण

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे वळले पाहिजे. लोक परमेश्वराविषयी पुरावा शोधतात, पण तो जेथे नाही तेथे शोधतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्यात सास्तूर व त्या परिसरातील गावे क्षणात जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती; गणपती बोळवून लोक निजले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. मातीत बसविलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी घरे होती. माणसे मेली ती बहुतांशी त्या ओझ्याखाली. त्याच गावांत हलक्या छपराखाली निजलेली कित्येक माणसे वाचली.

अशा प्रसंगी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. वाचलेला म्हणतो, 'देवानेच वाचविले.' ज्याचे सर्वस्व गेले तो म्हणतो, 'देव असता तर हे झाले नसते.' दोघांचीही वेदना, दोघांचाही उमाळा समजण्यासारखा आहे. पण दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे : भिंत पडणे न पडणे हे परमेश्वराच्या असण्याचे प्रमाण होय. ते खरे मानले तर एकाच गल्लीत एका घराने परमेश्वर सिद्ध होतो आणि शेजारच्या घराने तो असिद्ध होतो.

तिसरेही एक वाक्य असते, आणि ते सर्वांत कठोर : 'पापाचे फळ मिळाले.' १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. त्यांचा आशय असा की, निसर्गातील घडामोडींचे कारण निसर्गातच शोधावे. नीतीचा संबंध तेथे जोडल्याने नीतीही बळकट होत नाही. गांधींनी ती हरकत आपल्या 'हरिजन' पत्रात छापली आणि उत्तर दिले. दोघेही अस्पृश्यतेच्या विरुद्धच होते. तरीही या एका बाबतीत ठाकुरांचे म्हणणे ब्रह्मविद्येच्या अधिक जवळचे आहे.

कारण सर्वज्ञांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे निरूपिले. प्रपंच हा प्रपंचाच्या रीतीने चालतो. भूमीच्या पोटातील ताण हा प्रपंचाचा विषय आहे. कर्माची फळे आहेत, ती देवताद्वारा भोगावी लागतात, हेही शास्त्र सांगते. पण अमक्याच्या अंगावर भिंत पडली ती त्याच्या अमुक कर्माने, असे सांगण्याचा अधिकार सर्वज्ञावाचून कोणाचा आहे? लेकरू गमावलेल्या मातेपुढे तिच्या कर्माचा हिशेब मांडणारा मनुष्य शास्त्र सांगत नाही. तो स्वतःस सर्वज्ञ समजतो. आणि परमेश्वर हा प्रपंचातील लाभ वाटणारा नव्हे, तो जीवाला अविद्येतून सोडविणारा आहे. जो जे देत नाही, ते मिळाल्याने तो सिद्ध होत नाही आणि न मिळाल्याने असिद्धही होत नाही. ज्याची श्रद्धा भिंतीला टेकून उभी होती, त्याची श्रद्धा भिंतीबरोबर पडली, यात नवल कोणते?

विज्ञानाच्या अभिमान्यानेही येथे नम्र व्हावे. १९९२ सालीच किल्लारी परिसरात धक्के जाणवले होते. तरी तेव्हाच्या भूकंपविषयक नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला. आधीचे मतही पुराव्यावर आधारलेले होते, पण पुरावा तोकडा होता. अधिक पुरावा मिळाला असता मत बदलणे, यात विज्ञानाची थोरवी आहे. हाच गुण धार्मिकाने घेण्यासारखा आहे.

सिद्धान्त

शंका : प्रपंचातील घटना परमेश्वराला प्रमाण नाहीत, तर मग त्याला प्रमाण कोणते? काहीच नसेल तर क्लिफर्डचा आक्षेप खरा ठरला.

समाधान : प्रमाण प्रमेयाला अनुरूप असावे लागते. रंग कानाने कळत नाही, म्हणून रंग नाही असे होत नाही. परमेश्वर इंद्रियांना गोचर नाही आणि धुरावरून अग्नी तसा अनुमानानेही तो हाती येत नाही. म्हणूनच त्याने कृपेने अवतार स्वीकारून स्वतःचे ज्ञान स्वतः द्यावे लागते, असे शास्त्र म्हणते. आज असन्निधानी साधकाजवळ आहे ते शाब्द ज्ञान, म्हणजे आप्ताचे वचन. तेव्हा तपासावयाचे ते आप्ताचे आप्तत्व.

त्या परीक्षेची वाट मोकळी आहे. सांगणाऱ्याला काही मिळवावयाचे होते काय? सर्वज्ञांनी धन, राज्य वा मान यांचा संग्रह केल्याचे कोठे आढळत नाही. बोलणे आणि वागणे एक होते काय? स्त्री-शूद्रांना ज्ञानाचा अधिकार आहे असे ते केवळ बोलले नाहीत. त्यांना जवळ बसवून त्यांच्याच मराठी भाषेत ज्ञान सांगितले. सांगितलेले पडताळता येण्याजोगे जेथे आहे, तेथे ते टिकते काय? अहिंसेने चित्त निवते की नाही, आसक्ती सुटली असता दुःख घटते की नाही, हे ज्याचे त्याने आचरून पाहावे.

शंका : एवढ्याने परमेश्वर सिद्ध झाला, असे नास्तिकाला मान्य करावे लागेल काय?

समाधान : लागणार नाही, आणि तसा दावा करूही नये. शाब्द ज्ञान हे अपरोक्ष ज्ञान नव्हे. शब्दाने वाट कळते. पोचल्याचा अनुभव शब्द देत नाही. साधकाला वाटेवर चालण्यास पुरेसा आधार आहे, दुसऱ्याच्या गळी उतरविण्यास पुरेसा नाही. म्हणून परमेश्वरनिष्ठा आणि नास्तिकाविषयी सौजन्य या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी नांदू शकतात. क्लिफर्डच्या जहाजमालकाचा खरा दोष असा की, त्याने आपल्या विश्वासाची किंमत दुसऱ्यांच्या प्राणांनी मोजली. ज्या श्रद्धेची किंमत साधक स्वतःच्या भिक्षेने, अटनाने, त्यागाने मोजतो, तिच्यावर तो आक्षेप त्याच जोराने लागत नाही. पण श्रद्धेपायी दुसऱ्याचे लेकरू औषधावाचून राहिले, तर मात्र तो आक्षेप पुरेपूर लागतो.

आचरण

तेरच्याच गोरोबाकाकांची कथा वारकरी परंपरेत प्रसिद्ध आहे. त्यांनी थापटण्याने एकेका संताच्या मस्तकावर थाप मारून कोणते मडके कच्चे ते पाहिले. कुंभार मडके फोडण्यासाठी थापटीत नाही. पाणी भरण्यापूर्वी ते टिकेल की नाही हे जाणण्यासाठी थापटतो. श्रद्धेचीही परीक्षा त्याच हेतूने करावी, आणि प्रथम स्वतःची करावी. तुळजापूरच्या वाटेने नवस फेडावयास निघालेल्या शेजाऱ्याला हसण्यापूर्वी, आपल्या घरी स्थानाच्या विशेषाकडे कोणत्या आशेने पाहिले जाते, ते उपदेशी मनुष्याने पाहावे. नवस फळला तर तो गावभर सांगितला जातो, न फळलेला कोणी मोजीत नाही; मोजणीचा हा दोष जसा शेजाऱ्याचा, तसा आपलाही असू शकतो. स्थान वंद्य आहे ते तेथे श्रीचरणांचा संबंध घडला म्हणून. तेथे ज्वर उतरतो किंवा पिशाच पळते म्हणून नव्हे. आजाऱ्याला प्रथम वैद्याकडे न्यावे. स्मरण तेथेही करता येते.

कोणा गावी स्वप्नात सांगितले म्हणून नवे स्थान प्रकटल्याची वार्ता आली, तर स्थानपोथी उघडावी. गाव, दिशा, नदी, देऊळ यांच्या खुणा पूर्वजांनी तेवढ्यासाठीच लिहून ठेवल्या आहेत. खुणा जुळल्या तर आनंदाने दंडवत घालावेत. न जुळल्या तर गर्दी कितीही जमो, निमूटपणे परत यावे. आणि मुलाने शंका विचारली तर त्याला दटावू नये. उत्तर येत असेल तर द्यावे. येत नसेल तर जाणत्या महंतांकडे घेऊन जावे, आणि त्यांनाही विचारू द्यावे.

तात्पर्य असे की, प्रपंचाविषयी जे मानावयाचे ते प्रपंचाच्या पुराव्यानेच मानावे; तेथे श्रद्धेची सबब सांगू नये. परमेश्वराविषयी जे मानावयाचे ते परीक्षित आप्तवचनाने मानावे, आचरणाने पडताळावे, आणि त्याहून अधिक कळल्याचा आव आणू नये. अशा रीतीने उभी राहिलेली निष्ठा घर पडल्याने पडत नाही, आणि घर वाचल्याने फुगतही नाही. सर्व साधनवंतांस व उपदेशी सद्भक्तांस दंडवत प्रणाम.